चॉकलेट घरीच करा, पण खान्देशच्या शेंगदाण्याचे

डार्क चॉकलेट तब्येतीला चांगले, ते घरीच करा, त्यात फक्त कोको, मध आणि खोबरेल तेल घाला, अशी कृती हल्ली अनेकींच्या मोबाइलवर येते. ही कृती आपल्या मेहरूणच्या घरांसाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळते. जळगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या पुढे जातो. ज्या घरात फ्रीज नाही, किंवा आहे पण लाइट टिकत नाही, तिथे त्या चॉकलेटचे दुपारपर्यंत पातळ कालवण होणार. शिवाय मध महाग. खोबरेलही डोक्याला लावायचे चालत नाही, खाण्याचे वेगळे घ्यावे लागते.

म्हणून चॉकलेट सोडून द्यायचे का? मुले सोडणार नाहीत. शाळेच्या वाटेवर दुकान असते आणि पाच-दहा रुपये हातात असतात. त्या पैशांत काय मिळते ते पाकीट उलटे करून वाचा. पहिले नाव बहुतेक वेळा साखरेचे असते. स्वस्त पडावे आणि उन्हात टिकावे म्हणून कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेलाची चरबी घालतात, त्याला धंद्यात ‘कंपाउंड’ म्हणतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये साधारण निम्मी साखरच असते. म्हणजे १५ ग्रॅमच्या तुकड्यात सात-आठ ग्रॅम.

आपल्याकडे शेंगदाणा आहे, तीळ आहेत. कोको त्यांच्यात मिसळा आणि वडी करा. २०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सोलून, बारीक कूट करा. काळे पडलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे आधीच निवडून फेका. बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. ५० ग्रॅम तीळ भाजून घ्या. २५ ग्रॅम कोको चाळून कुटात मिसळा, चिमूटभर मीठ टाका. १०० ग्रॅम गूळ दोन चमचे पाण्यात वितळवून गोळीबंद पाक करा, गॅस बंद करून सगळे त्यात घाला आणि तेल लावलेल्या ताटात भरभर थापा. गरम असतानाच कापा. २५ वड्या होतात. एका वडीत गूळ चार ग्रॅम, बाकी दाणे, तीळ आणि कोको. फ्रीज लागत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज राहते.

कोको घेताना पाकिटावर ‘बिनसाखरेची’ आहे ना ते पाहा. दुधात घालायची ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ पावडर वेगळी, तिच्यात साखर भरपूर असते. ५० ग्रॅमचे पाकीट दोन खेपांना पुरते.

आता ‘आरोग्यदायी’ या शब्दाबद्दल. गूळ नैसर्गिक म्हणून हवा तेवढा खावा, असे अजिबात नाही. शरीराला तो साखरेसारखाच. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांनी ही वडी औषध समजून खाऊ नये. डार्क चॉकलेटने हृदयविकार टळतो, हा प्रचारही तपासून घ्यावा. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्कांना काही वर्षे कोकोच्या अर्काच्या किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या देऊन पाहिले. २०२२ साली निकाल आला, तेव्हा हृदयाचे एकूण झटके-विकार ठामपणे कमी झाल्याचे दिसले नाही.

आपल्या घरांतला प्रश्न दुसराच आहे, रक्त कमी असण्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुले आणि ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. कोकोत लोह असते हे खरे, पण त्यातले तुरट घटक चहासारखेच लोह अंगी लागू देत नाहीत. म्हणून ही वडी जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर देऊ नका, दोन तास जाऊ द्या. जेवणात लिंबू पिळा. हिवाळ्यात मेहरूणची बोरे नावाजलेली, त्यांत क जीवनसत्त्व चांगले असते, ती जेवणानंतर मुलांना खाऊ द्या. बाजारातले पाकीट त्यांच्यापुढे फिकेच आहे. (बोरांना मीठ-तिखट लावू नका म्हटले तरी कोण ऐकणार!)

या वडीसाठी डाळ-अंड्यांचे पैसे मोडू नयेत, हेही सांगायला हवे. जे पैसे आधीच दुकानातल्या चॉकलेटवर जातात, त्यांतूनच कोको यावा. मुलाला दिवसाला एक वडी पुरे. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला ती मुळीच देऊ नका. लहानग्यांसाठी दाण्यांचे कूट अगदी बारीक हवे, अख्खा दाणा घशात अडकतो. आणि घरात तान्हे बाळ असेल तर त्या मोबाइलवरच्या कृतीतला मध त्याला बोटानेही चाटवू नका, वर्षाच्या आत मध घातक ठरू शकतो.