श्रद्धा घरात जरूर शिकवा, पण विज्ञानाचं उत्तर आधीच ठरवू नका

माझी मावसबहीण टेक्सासात असते. तिच्या शेजारचा पंधरा वर्षांचा मुलगा शाळेतच जात नाही. आई घरी शिकवते आणि आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये अशा मुलांचा एकत्र वर्ग भरतो. सकाळी विज्ञान, दुपारी 'अपॉलोजेटिक्स', म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची बाजू युक्तिवादाने कशी मांडायची याचा अभ्यास. हे मी आमच्या ग्रुपवर टाकलं, तर लगेच हसणाऱ्या इमोजींचा पाऊस! "म्हणे अमेरिका पुढारलेली!"

जरा थांबा मंडळी.

अमेरिकेत होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे. नियम मात्र वेगवेगळे. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी मुलाचं मूल्यमापन करून द्यावं लागतं, टेक्सासात सरकारला साधं कळवावंही लागत नाही. सरकारी शाळेत उत्क्रांतीच्या जोडीला बायबलमधली सृष्टीनिर्मिती शिकवण्याची सक्ती सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये घटनाबाह्य ठरवली. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात 'इंटेलिजंट डिझाइन'लाही कोर्टाने दार बंद केलं. पण हे निकाल सरकारी शाळांपुरते. घरात आणि चर्चच्या हॉलमध्ये आईबाप म्हणतील ते.

आता खरं सांगतो, त्या वर्गातली एक गोष्ट मला आवडली. तो पोरगा 'मी हे का मानतो?' हे उभं राहून बोलायला शिकतोय. आपली दहावीची मुलं क्लासच्या नोट्स घोकतात. 'का' विचारलं की आपणच म्हणतो, "परीक्षेला येणार नाही, सोड."

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. असे सगळे वर्ग एका साच्याचे नसतात. पण जिथे पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की पृथ्वी साधारण सहा हजार वर्षांची आहे, तिथे पुढे जीवाश्म, खडकांचं वय, डीएनए हे सगळं फक्त 'खोडून काढायचे मुद्दे' म्हणून समोर येतं. ही वकिली झाली. वकिलाला निकाल कुठला हवा ते आधीच ठाऊक असतं. विज्ञानात उलटं असतं. कुठला पुरावा मिळाला तर मी माझं मत बदलेन, हे आधी सांगावं लागतं.

यात नुकसान श्रद्धेचंही होतं. त्या मुलाला वाटतं, दोनांतलं एकच निवडायचंय. उद्या कॉलेजात पुरावे समोर आले की तो एक तर विज्ञान सोडेल नाही तर देव. खरं तर मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धावान ख्रिस्ती आहेत आणि उत्क्रांती मानतात. डोव्हर खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे केनेथ मिलर कॅथलिक आहेत.

आणि आपण हसायचं कोणत्या तोंडाने? 2018 मध्ये आपल्याच औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला. 1800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. तो विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे हो, पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांचं काय? तिकडे निदान एक आई आपल्या एका मुलापुरतं ठरवते. इथे एका फटक्यात देशभरातल्या लाखो मुलांचं ठरलं.

आपल्या बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आहे. तो तरी नीट शिकवला जातोय का, की 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला जातो? आज रात्री जेवताना पोरांना विचारा. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. टोमणे नकोत, उत्तरं हवीत.