ऑर्किडचे आईबाप कोण?



पुण्याचे कर्वेनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या महर्षींचे पूर्ण नाव धोंडो केशव कर्वे. यातले केशव हे वडिलांचे नाव, हे तुम्ही चटकन सांगाल. परंतु तिथल्याच एखाद्या गॅलरीत फुललेल्या संकरित ऑर्किडचे आईबाप त्याच्या नावावरून सांगता येतील का? नाही!

सिंगापूरचे राष्ट्रीय फूल मिस जोकिम घ्या. १८९३ साली प्रसिद्ध झालेले हे नाव ॲग्नेस जोकिम या बागप्रेमी बाईंचे आहे. टेरेस आणि हूकेरियाना या दोन जातींच्या संकरातून केव्हाही, कुठेही रोप निघाले, तरी त्याचे नाव हेच. त्यांतले एखादे निवडक रोप वेगळे ओळखायचे, तर पुढे एकेरी अवतरणचिन्हांत आणखी एक नाव जोडतात. आईबाप मात्र नोंदवहीत पाहावे लागतात. ही जागतिक नोंदवही १९६१ पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. बी धरणारी ती आई, पराग देणारा तो बाप.

मिस जोकिमची आई कोणती, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ रेंगाळला. अखेर २०११ साली हरितलवकातील जनुके तपासून ती टेरेस असल्याचे दाखवण्यात आले. मुळात नीट नोंद असती, तर एवढा खटाटोप कशाला?

म्हणून माझे म्हणणे असे, की नुसते जांभळे ऑर्किड लिहिलेली पाटी अपुरी आहे. रोप घेताना पूर्ण नाव विचारा आणि पाटी जपा. पाटी हरवली तरी रोप फुलते. पण त्याचे आईबाप शोधायला मग प्रयोगशाळा लागते!