पॉश थापा

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मी शिकवणीच्या वर्गात ११ वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातल्या अगदी सुरुवातीच्या तुकडीतली ही. आता नाशिकला शिक्षिका आहे. म्हणाली, "सर, तुमची ती 'पॉश'ची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगते. मुलं जाम खूश होतात!"

मी "वा, वा" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर जेवण काही गोड लागलं नाही. कारण ती गोष्ट चक्क थाप आहे, आणि हे मला कळूनही आता बरीच वर्षं झाली आहेत.

गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर बडे साहेब लोक येताना डाव्या बाजूची केबिन घ्यायचे आणि परतताना उजव्या. दोन्ही वेळा ऊन टळायचं. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. या चार शब्दांची आद्याक्षरं म्हणे तिकिटावर छापत, आणि त्याचा झाला 'पॉश'. किती चपखल बसतं, नाही? तिथंच संशय यायला हवा होता! अशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. ही गोष्ट छापून यायला लागली १९३० च्या दशकात, आणि हा शब्द तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून ऐटबाज या अर्थानं वापरात होता.

मग खरं काय? कोशकार छातीठोकपणे सांगत नाहीत. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे पैसा, चिल्लर. तो बहुधा रोमानी भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून आला, अर्धी पेनी या अर्थानं. त्याच शतकाच्या शेवटी छानछोकी माणसालाही 'पॉश' म्हणत. हे दोन्ही एकच का, याची खात्री नाही. पण रोमानी लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेले आणि त्यांची भाषा आपल्याच भाषांच्या गोतावळ्यातली. म्हणजे भारताशी धागा असलाच, तर तो साहेबाच्या थंडगार केबिनमधून नाही, भटक्यांच्या पालातून येतो. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. त्याला टाळी मिळत नाही ना!

पूर्वी अशा थापा ई-मेलमधून यायच्या, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. आमच्या घरच्या ग्रुपवर आतेभाऊ रोज सकाळी एक टाकतो. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं. अरे, 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन 'न्यूज', इतकं सरळ आहे ते. 'गोल्फ' म्हणजे 'फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी' या इंग्रजी पाटीची आद्याक्षरं. स्कॉटलंडच्या संसदेनं १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती, शब्द तेव्हाही होताच. आद्याक्षरं जुळवून शब्द पाडायची फॅशन मुळात विसाव्या शतकातली. रडार, लेसर हे तसे खरेच, पण त्याआधीच्या शब्दाला कुणी अशी फोड देऊ लागला की खुशाल कान टवकारावेत.

मी ग्रुपवर हे लिहिलं, तर काकूंचं उत्तर आलं, "तुला सगळ्यात खोट काढायची सवयच आहे. गंमत म्हणून वाचावं नि सोडून द्यावं."

काकू, गंमतच हवी ना? मग देवळालीची घ्या. इंग्रजीत आजही डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलॅली' म्हणतात. मूळ शब्द 'डुलॅली टॅप'. डुलॅली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. टॅप म्हणजे ताप, गोऱ्या शिपायांनी हिंदुस्तानीतून उचललेला. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. सैनिकांच्या बोटी चालायच्या फक्त हिवाळ्याच्या हंगामात. हंगाम हुकला, की महिनोन् महिने उन्हात नुसतं बसून राहायचं. काम नाही, धड करमणूक नाही, घर समुद्रापार. माणसं चळायची. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायानं १९३६ च्या आपल्या आठवणींत हेच लिहिलंय, की तिथल्या कंटाळ्यानं माणसं विचित्र वागू लागायची, त्यावरूनच हा शब्द आला असावा.

आता सांगा, या दोन गोष्टींत कुठली मोलाची? एकीत श्रीमंतांची सावली आणि दुसरीत गरीब शिपायाचं उन्हात फिरलेलं डोकं. पहिली खोटी, तरी सगळ्यांना पाठ. खोट्या व्युत्पत्तीचा माझा राग आहे तो इथे. ती खऱ्याची जागा अडवून बसते.

आणि यात साहेबच दोषी आहे असंही नाही. 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' हे पु. ना. ओकांमुळे घरोघरी पोचलं. रोममधल्या त्या टेकडीच्या परिसराचं नाव ख्रिस्ताच्याही आधीपासून लॅटिनमध्ये तसंच आहे, हे कोण बघतो? अभिमान हवा तर मुंगूस घ्या. इंग्रजी 'मंगूस' मराठीवरून आला असं कोशातच छापलेलं आहे. (त्याचं अनेकवचन 'मंगूसेस'. 'गूस', म्हणजे हंसाच्या भाऊबंदाशी काही संबंध नाही!) पण जरा पुढं वाचलं की कळतं, आपला मुंगूसही मुळात बहुधा तेलुगू-कानडीकडून आलेला. मग फॉरवर्ड करायचा उत्साह मावळतो.

असो. आठवडाभर मागंपुढं करून शेवटी मीच तिला फोन लावला. म्हटलं, "बाई, ती पॉशची गोष्ट खोटी आहे. तुम्हाला शिकवली तेव्हा मी कोश उघडून बघितला नव्हता. आणि नंतर कळलं तरी वर्गात टाळी मिळते म्हणून सांगतच राहिलो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "सर, मग आता मुलांना काय सांगू?"

मी डुलॅलीची गोष्ट सांगितली. ती हसायला लागली.

"सर, माझ्या वर्गातली निम्मी मुलं देवळालीहूनच बसनं येतात."