उजेडाचा मानकरी

चित्रपट पाहून घरी परतताना आपण नायिकेच्या अभिनयाबद्दल बोलतो, गाणी गुणगुणतो, शेवट पटला की नाही यावर वाद घालतो. पडद्यावरचा तो चेहरा इतका बोलका कुणी केला, हे सहसा कुणी विचारत नाही. म्हणूनच व्ही. के. मूर्ती यांनी टिपलेली दृश्ये घरोघरी पोहोचली. नाव मात्र जाणकारांपुरतेच राहिले.

म्हैसूरला १९२३ साली जन्मलेल्या मूर्तींनी बंगळुरात छायालेखनाची पदविका घेतली आणि मुंबई गाठली. फली मिस्त्रींसारख्या जाणत्या छायालेखकाच्या हाताखाली ते शिकले. 'बाजी'च्या (१९५१) चित्रीकरणात सहायक असलेल्या या तरुणाची नजर गुरुदत्त यांनी हेरली आणि पुढच्याच वर्षी 'जाल'चा कॅमेरा त्यांच्या हाती सोपवला. तिथून 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम'पर्यंत ही जोडी अभंग राहिली.

'कागज के फूल' (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातल्या ओस पडलेल्या स्टुडिओत वरून तिरपा उतरणारा प्रकाशाचा झोत आठवा. त्यासाठी मूर्तींनी मोठे आरसे लावून चक्क बाहेरचे ऊन आत वळवले! जवळ असूनही दुरावलेल्या दोन जिवांची व्यथा त्या झोताने शब्दांवाचून सांगितली. 'साहिब बीबी'तल्या मुजऱ्यात मुख्य नर्तकी उजेडात आणि मागच्या साऱ्याजणी सावलीत. कुठे दिवा लावायचा याइतकेच कुठे लावायचा नाही, हेही त्यांना पक्के ठाऊक होते.

'कागज के फूल' तिकीटबारीवर कोसळला, तरी त्याच्या छायालेखनाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये गुरुदत्त गेले. मूर्तींचे काम थांबले नाही. एकेकाळी त्यांचे सहायक असलेल्या गोविंद निहलानींच्या 'तमस'साठी आणि श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'साठीही त्यांनी कॅमेरा हाती घेतला.

१९६९ साली सुरू झालेला दादासाहेब फाळके पुरस्कार निव्वळ छायालेखक म्हणून मिळवणारे मूर्ती पहिलेच. तो २००८ सालासाठीचा. प्रत्यक्ष हाती पडला २०१० मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. २०१४ मध्ये ते गेले. ज्या फाळक्यांनी आपला चित्रपट उभा केला, त्यांच्या नावाचा सन्मान कॅमेऱ्यामागच्या माणसापर्यंत पोहोचायला चार दशके लागावीत, हे काही भूषणावह नाही.

सरकारदरबारी मान मिळायचा तेव्हा मिळेल. प्रेक्षक म्हणून आपल्या हाती एक गोष्ट नक्की आहे. श्रेयनामावली सुरू होताच उठून जाऊ नये, आणि मुलांनाही थांबवून ती नावे वाचून दाखवावीत.