मानसशास्त्रवाल्यांचं तिथे काय काम?

आपल्याकडे सरकारी धोरण ठरवायला बसलं की खोलीत तीनच प्रकारचे लोक. आयएएस, अर्थतज्ज्ञ आणि हल्ली आम्ही इंजिनियर, डॅशबोर्डसकट. माणसं अशी का वागतात याचा ज्याने पाच वर्षं अभ्यास केला, तो बाहेर. त्याने फार तर आमच्या कंपनीत ‘तणावमुक्त जीवन’ यावर व्याख्यान द्यायचं, समोसा खायचा आणि निघायचं.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९७४ सालीच काँग्रेशनल फेलोशिप सुरू केली. पीएचडी झालेला मानसशास्त्रज्ञ वर्षभर खासदाराच्या नाहीतर समितीच्या ऑफिसात बसून कायद्यांवर काम करणार. ब्रिटनच्या संसदेत ‘पोस्ट’ नावाचं कार्यालय आहे, तिथे पीएचडी करणारी मुलं तीन महिने जाऊन खासदारांसाठी चार पानी टिपणं लिहितात. चार पानी! प्रबंध लिहिणाऱ्याला ही शिक्षाच, पण कामाची.

आपल्याकडे फेलोशिपा नाहीत असं नाही. खासदारांबरोबर काम करायची ‘लॅम्प’ २०१० पासून आहे, वय पंचवीसपर्यंत. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला आली, मध्ये बंद पडली, २०२३ ला परत आली. वय २१ ते २६. आता हिशेब करा राव. बीए एकविसाव्या वर्षी, एमए तेविसाव्या, पीएचडी कुठेही न अडकता झाली तरी अठ्ठावीस. म्हणजे माणूस कामाचा व्हायच्या दोन वर्षं आधीच त्याची एक्स्पायरी डेट!

तुम्ही म्हणाल, यांचं तिथे काय अडलंय? आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद सांगणारं कलम ३०९ घ्या. ब्रिटिशांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरा, शिक्षा करू नका. तरी कलम पुस्तकात राहिलंच, थेट १ जुलै २०२४ ला नवी संहिता येईपर्यंत. एक फेलो असता तर ते लगेच गेलं असतं असं मी म्हणत नाही, विधी आयोगाने १९७१ साली सांगूनही गेलं नव्हतं. पण अहवाल कपाटात टाकता येतो. रोज समोरच्या खुर्चीत बसणारा माणूस नाही टाकता येत.

तेव्हा पीएचडीवाल्यांसाठी ही मर्यादा पस्तीसपर्यंत न्या, आणि मानधन असं द्या की घरभाडं भरून काही उरेल. नाहीतर ती हुशार मुलगी काय करते? आमच्याकडे युएक्स रिसर्चर म्हणून येते आणि ‘आता खरेदी करा’ हे बटण केशरी हवं की हिरवं यावर सहा महिने घालवते.