‘घरबसल्या’ पदवी

सुशिक्षित म्हणविणाऱ्या आमच्या मंडळींच्या तोंडीं एक शब्दप्रयोग वारंवार ऐकूं येतो. अमुक गृहस्थ मुक्त विद्यापीठाचे पदवीधर आहेत असें कळतांच “म्हणजे घरबसल्या पदवी !” असें म्हणून ओठ किंचित् मुरडण्यांत येतात, आणि त्या गृहस्थांच्या तीन-चार वर्षांच्या श्रमांचा निकाल तेवढ्यावर लागतो. या ओठ मुरडण्यांत विद्येविषयींचा आदर किती आणि स्वतःच्या पूर्वभाग्याचा अहंकार किती, याची एकदां झडती घ्यावी असें आम्हांस वाटतें.

पहिला आक्षेप असा कीं, जें विद्यापीठ समोर बसवून शिकवीत नाहीं, त्याच्या पदवीला किंमत ती काय ? आक्षेपकांच्या पणजोबांनीं ज्या पदव्या चौकटींत बसवून दिवाणखान्यांत टांगल्या, त्या तरी कोणत्या विद्यापीठाच्या होत्या ? सन १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ निघालें तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेऊन पदवी देणारी संस्था म्हणून. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. विद्यापीठानें स्वतः तें अंगावर घेतलें तें विसाव्या शतकांत. आणि ज्या लंडनचा हा कित्ता, त्यानें तर १८५८ मध्यें, वैद्यकासारखे अपवाद सोडून, कॉलेजांत हजेरी लावण्याची अटच काढून टाकली. कुलशील पाहावयाचें तर ‘बहिःस्थ’ पदवीचें कुल असें जुनें आहे. दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें, १९८२ मध्यें हैदराबादेस, १९८५ मध्यें राजधानींत आणि १९८९ मध्यें नाशिकास मुक्त विद्यापीठें निघालीं, तीं याच कुलांतलीं. पैकीं नाशिकच्या विद्यापीठानें ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हें ब्रीद घेतलें. आमच्या मंडळींनीं त्यांतला ‘घर’ एवढाच शब्द उचलला!

त्या घरांत कोण बसलेलें असतें, हें तरी पाहावें. आम्ही आठवड्याचे सहा दिवस नित्याच्या वर्गांना शिकवितों आणि रविवारीं अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रें घेतों; दोन्ही तऱ्हेचे विद्यार्थी आमच्या डोळ्यांसमोर आहेत. रविवारच्या वर्गांत एस्. टी. चे वाहक असतात. मुक्कामाच्या गाडीवर डेपोच्या विश्रांतिगृहांत पुस्तक उघडावें तों शेजारच्याला दिवा नको असतो. रात्रपाळी उतरून तशाच आलेल्या परिचारिका असतात. पोलीस शिपाई असतात, आणि बंदोबस्त नेमका परीक्षेच्या दिवशींच लागतो. सर्वांत अधिक भरणा ज्यांचें शिक्षण लग्नाच्या अक्षतांबरोबर संपलें त्या स्त्रियांचा. स्वयंपाकघर आवरून झाल्यावर जो कांहीं रात्रीचा भाग उरतो तो यांचा अभ्यासाचा तास. घरच्या मंडळींचा उघड विरोध नसतो, “शीक कीं, कोण नको म्हणतें?” असेंच सारे म्हणतात. मात्र त्या तासापुरता दुधाचा विरजण लावण्याचा हात कोणी बदलीत नाहीं. असल्या स्थितींत पाठ्यपुस्तकाचें एक प्रकरण पुरें करणें म्हणजे बसणें नव्हे.

मागें आम्ही अर्थशास्त्रांतील घटत्या उपयोगितेचा नियम समजावून देत होतों. पहिल्या पोळीनें जितकें समाधान होतें तितकें दुसरीनें होत नाहीं, आणि शेवटच्या पोळीचें तर कांहींच वाटत नाहीं, असें नेहमींचेंच उदाहरण आम्हीं दिलें. खानावळींत पोळ्या लाटून उपजीविका करणाऱ्या एक बाई उठून म्हणाल्या, “सर, हें सगळ्या पोळ्या एकटाच खाणाऱ्याचें झालें. आमच्याकडे शेवटची पोळी करणारीच्या वांट्याला येते. तिची किंमत कोणाच्या भुकेनें मोजायची ?” एका माणसाचें समाधान दुसऱ्याच्या समाधानाशीं कसें ताडून पाहावें, या प्रश्नावर थोर अर्थशास्त्रज्ञांनीं ग्रंथ लिहिले आहेत. तीस वर्षांच्या नोकरींत नित्याच्या वर्गांतून तो आमच्यापुढें कधीं आला नव्हता. तेथें हजेरीची टक्केवारी भरण्याकडे लक्ष अधिक !

या पद्धतींत दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. छायाप्रतींच्या दुकानांतून तयार स्वाध्याय विकत मिळतात, हें खरें. पण नित्याच्या कॉलेजाच्या दाराशीं ‘हमखास प्रश्नां’च्या पुस्तिका मिळत नाहींत असें कोण छातीठोकपणें सांगेल? आमचे कांहीं व्यवसायबंधु रविवारच्या सत्राकडे मानधनाचा एक कोपरा म्हणून पाहतात आणि दोन तासांचा विषय वीस मिनिटांत आटोपतात. पाठीमागच्या बांकावर गोंदियाचा बसतो कीं गोरेगांवचा याची त्यांना दाद नसते, आणि मग तेच चारचौघांत ‘दर्जा घसरला’ म्हणून हळहळतात. खरी उणीव निराळीच आहे. या विद्यार्थ्याला वादविवादाला सोबती नाहीं, चुकलेलें वाक्य तत्काळ दुरुस्त करणारें कोणी नाहीं. एकटेपणानें कंटाळून पुष्कळ जण मध्येंच पुस्तकें बांधून ठेवतात. त्यांची गणना आळशांत करणें आम्हांस निर्दयपणाचें वाटतें.

विद्यापीठ अनुदान आयोगानें सप्टेंबर २०२२ मध्यें स्पष्ट केलें आहे कीं, मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नित्याच्या पदवीच्या बरोबरीची समजावी. तरी मुलाखत घेणाऱ्याची भिवई वर जाते ती जातेच, आणि लग्नाच्या बैठकींत मुलीकडील मंडळी ती पदवी हलक्या आवाजांत सांगतात. भिवईला परिपत्रक लागू होत नाहीं.

आमच्या माहितीच्या एका कॉलेजांत रविवारीं ग्रंथालयाला कुलूप असतें, आणि या विद्यार्थ्यांना त्या आवारांत पाय ठेवण्याची सवड तेवढ्या एका दिवशींच. ग्रंथालय त्या दिवशीं चार तास उघडें ठेवावें असा अर्ज आम्हीं केला. उत्तर आलें कीं, सदर विद्यार्थी ‘आपले’ नव्हेत. त्याच मंडळींना आम्हीं विचारलें कीं, अभ्यासकेंद्राचें भाडें मग कोणाच्या नांवें जमा होतें ? त्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. अर्ज मात्र आम्हीं पुन्हां केला आहे.