सामान्य मोटारींचा वारसा

जी वस्तू लाखोंच्या संख्येने निर्माण झाली आणि घरोघरी वापरली गेली, ती जपून ठेवण्याची आवश्यकता कोणासही भासत नाही. आणि ती आता कोठेच उरली नाही हे ध्यानात येते, तेव्हा तिच्या जतनाची वेळ बहुधा टळून गेलेली असते. राजेशाही थाटाच्या मोटारींना संस्थानिकांच्या वाड्यांपासून धनिकांच्या संग्रहांपर्यंत सर्वत्र आश्रय मिळत आला आहे. परंतु ज्या मोटारीतून शिक्षक शाळेत गेला, परिचारिका रात्रपाळी संपवून घरी आली आणि मुले-मुली मोटार चालवायला शिकली, त्या मोटारीला वारस नसतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये काही मंडळी ऑस्टिन मेट्रो, ऑस्टिन माएस्ट्रो यांसारख्या जुन्या, साध्या हॅचबॅक मोटारी आणि त्यांच्या दुर्मिळ आवृत्त्या ज्या निष्ठेने सांभाळीत आहेत, तिच्याकडे निव्वळ छंद म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. ते इतिहासाच्या रक्षणाचे कार्य आहे आणि त्यापासून आपणही बोध घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेट्रोचीच कुळकथा पाहावी. १९८० च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यातून ती बाहेर पडली, तेव्हा सरकारी मालकीची ब्रिटिश लेलँड कंपनी तोट्याने आणि संपांनी जर्जर झाली होती, परदेशी मोटारींनी देशी बाजारपेठेचा मोठा हिस्सा व्यापला होता, आणि या एका छोट्या गाडीच्या यशापयशावर सहस्रावधी कामगारांचा चरितार्थ अवलंबून होता. ते यश तिने मिळवले. १९९० साली तिला नवे इंजिन आणि रोव्हर हे नाव मिळाले, पुढे ती ‘रोव्हर १००’ झाली, आणि १९९७ साली युरो एनकॅपच्या अपघात-चाचणीत तिच्या पदरी अवघा एक तारा पडल्यावर अल्पावधीतच तिचे उत्पादन थांबले. तोपर्यंत या घराण्याच्या वीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. एका राष्ट्राच्या औद्योगिक जीवनाचा, त्याच्या अभिमानाचा आणि त्याच्या ऱ्हासाचा एवढा पूर्ण दस्तऐवज दुसरा कोणता मिळणार?

अशा गाड्यांची दुर्मिळता मात्र दोन प्रकारची असते, आणि त्या दोहोंतील भेद समजल्याखेरीज या आस्थेचे मर्म कळत नाही. पहिली दुर्मिळता जन्मजात. मेट्रोचे नाव आणि मुखवटा घेऊन आलेली ‘एमजी मेट्रो ६आर४’ ही तिचे उत्तम उदाहरण होय. विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाच्या अभियंत्यांनी घडवलेल्या या गाडीत तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आसनांच्या मागे बसवले होते आणि त्याची शक्ती चारही चाकांना मिळत होती. ग्रुप बी या रॅली-वर्गाच्या नियमांप्रमाणे स्पर्धेत उतरण्यापूर्वी अशा दोनशे गाड्या तयार असणे बंधनकारक होते. १९८५ च्या आरएसी रॅलीत टोनी पाँड यांनी तिला तिसरा क्रमांक मिळवून दिला. परंतु भीषण अपघातांमुळे १९८६ अखेर तो वर्गच बंद झाला, आणि तिच्या इंजिनाचा वंश पुढे जॅग्वार एक्सजे २२० या अतिवेगवान मोटारीत चालला. दुसरे उदाहरण ‘एमजी माएस्ट्रो टर्बो’चे. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे तयार होणाऱ्या, संसारी माणसाच्या गरजा ओळखून आखलेल्या माएस्ट्रोला टिकफर्ड या संस्थेने टर्बोचे बळ दिले आणि १९८८ साली लोकांपुढे आणलेल्या या आवृत्तीच्या केवळ ५०५ गाड्या निघाल्या.

दुसरी दुर्मिळता काळाने लादलेली असते. माएस्ट्रो टर्बो पहिल्या दिवसापासून थोडक्यांच्या मालकीची असल्याने तिच्या धन्यांनी ती जिवापाड जपली. उलट सर्वांत स्वस्त, ना घड्याळ ना रेडिओ अशी जी मेट्रो गल्लोगल्ली उभी असे, तिच्याकडे लक्ष द्यावे असे कोणाला वाटलेच नाही. हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेल्या मिठाने दारांखालचा पत्रा आणि पुढची मडगार्डे खाल्ली, वार्षिक तपासणीत गाडी नापास झाली, दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीपेक्षा अधिक ठरला आणि मालकाने ती भंगारात दिली. त्यातच २००९ साली तेथील सरकारने मंदीत सापडलेल्या मोटार-धंद्याला हात देण्यासाठी दहा वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्यास दोन हजार पौंडांची सवलत देऊ केली. तिचा निम्मा भार सरकारने आणि निम्मा उत्पादकांनी उचलला. धंद्याला तिचा उपयोग झाला असेल. परंतु वर्षभरात लक्षावधी गाड्या नाहीशा झाल्या, आणि त्यांतील कोणती गाडी आपल्या जातीच्या अखेरच्यांपैकी होती, हे पाहण्याची तरतूद त्या योजनेत नव्हती. लेडी डायना स्पेन्सर यांची विवाहापूर्वीची लाल मेट्रो कॉव्हेंट्रीच्या संग्रहालयात सुरक्षित आहे, ती त्यांची होती म्हणून. तिच्याबरोबरच जन्मलेल्या, अनामिक मालकांच्या लाखो मेट्रो गेल्या.

ज्यांनी या उरल्यासुरल्या गाड्या हाती घेतल्या आहेत, त्यांचे कष्ट सामान्य नाहीत. मेट्रोला स्प्रिंगांऐवजी हायड्रागॅस या पद्धतीचे गोळे असतात. एका बाजूस नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूस द्रव आणि मध्ये रबरी पडदा, अशी ॲलेक्स मोल्टन यांची ती कल्पक रचना. वर्षे लोटतात तसा वायू निसटतो, गाडी खाली बसते, आणि हे गोळे आता कोणी बनवीत नाही. तेव्हा जुन्याच गोळ्याला झडप बसवून त्यात पुन्हा वायू भरण्याची विद्या या मंडळींनी आत्मसात केली आहे. एखाद्या आवृत्तीच्या आसनाचे मूळ कापड, दिव्याची काच, नाममुद्रेचा तुकडा यांसाठी ती भंगारखाने धुंडाळतात; गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयाकडे असलेल्या उत्पादन-नोंदींवरून गाडीचा जन्मदाखला मिळवतात; वाहन-परवाना खात्याच्या आकडेवारीवरून कोणत्या प्रकारच्या किती गाड्या शिल्लक राहिल्या याचा हिशेब ठेवतात. २०१४ पासून ब्रिटनमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ या नावाने केवळ सामान्य मोटारींचा उत्सव भरतो, आणि त्यात मान मिळतो तो महागड्या गाडीला नव्हे, तर जिला कोणी जपेल असे वाटलेच नव्हते अशा गाडीला. ही दृष्टी मला विशेष आदरणीय वाटते.

या आस्थेवर आक्षेप घेतले जातात. जुनी इंजिने धूर ओकतात आणि जुने पत्रे माणसाचा जीव वाचवीत नाहीत, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. रोव्हर १०० चा तो एकुलता एक तारा विसरता येणार नाही. तथापि, वर्षाकाठी मोजके मैल चालणाऱ्या मूठभर गाड्यांनी शहराची हवा बिघडत नाही, आणि त्या रोजच्या वापरासाठी ठेवाव्यात असे त्यांचे चाहतेही म्हणत नाहीत. ब्रिटिश कायद्याने यावर समंजस तोड काढली आहे: चाळीस वर्षे पूर्ण केलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानून तेथे करमाफी मिळते.

या कथेचा एक धागा थेट पुण्याशी येऊन जुळतो. २००३ पासून रोव्हर कंपनीने ‘सिटीरोव्हर’ नावाची जी छोटी हॅचबॅक ब्रिटनमध्ये विकली, ती पुण्यात तयार झालेली टाटांची इंडिका होती. ज्या देशाच्या मोटारी आपण पिढ्यान्‌पिढ्या आयात केल्या आणि ज्यांच्या जुन्या नमुन्यांवर आपले कारखाने चालवले, त्या देशाला महाराष्ट्रातील कामगारांनी बनवलेली मोटार जाऊ लागली, ही घटना लहान नव्हती. त्या गाडीला तेथे अपेक्षित यश लाभले नाही. २००५ च्या एप्रिलात रोव्हर कंपनीच बुडाली आणि सिटीरोव्हरचे पर्व दीड वर्षात संपले. त्यामुळे आज ती दोन्ही अर्थांनी दुर्मिळ आहे, आणि तिच्या उरलेल्या गाड्या सांभाळणारी माणसे इंग्लंडात आहेत.

आपल्या घरी मात्र काय स्थिती आहे? १९९८ साली सादर झालेली इंडिका ही संपूर्णतः भारतीय आराखड्याची म्हणून गाजलेली पहिली मोटार. पण टॅक्सी म्हणून राबून आणि खेडोपाडी झिजून ती आपल्या डोळ्यांदेखत भंगारात चालली आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे उलटल्याखेरीज वाहनाला ‘व्हिंटेज’ ही सनद मिळत नाही. म्हणजे १९९९ साली नोंदलेल्या इंडिकाला २०४९ सालापर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर ती इतर जुन्या वाहनांच्याच तराजूत तोलली जाईल. ही मुदत चाळीस वर्षांवर आणावी, त्याआधीच्या काळात क्वचितच चालणाऱ्या, उत्तम राखलेल्या गाड्यांसाठी सवलतीच्या नोंदणीची सोय करावी, आणि मोडीत निघणाऱ्या गाड्यांतून प्रत्येक महत्त्वाच्या नमुन्याची निदान एक प्रत संग्रहालयासाठी राखून ठेवावी, एवढ्या तीन गोष्टी शासनाने मनावर घेतल्या, तर त्यांना फारसा खर्च येणार नाही. आणि ज्या वाचकाच्या अंगणात आरंभीच्या काळातील एखादी इंडिका, मूळ रंगात, मूळ कागदपत्रांसह अद्याप उभी असेल, त्याला माझी विनंती आहे की, भंगारवाल्याशी सौदा करण्यापूर्वी त्याने तिचा पुन्हा एकदा विचार करावा.